पंचावन्न किलोचे कप्तान

कुठंही काटा दिसला की कप्तान चपला काढायचे. भंगारवाल्याचा असो, दवाखान्यातला असो, नाहीतर गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याचा असो, चपला बाजूला ठेवून, श्वास रोखून ते वर चढणार आणि आकडा पाहून म्हणणार, "जमते अजून." एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, "मले काई नाही झालं. वजन पाह्यले आलो."

हे वेड समजायला तुम्हाला आमच्याकडची कबड्डी माहीत हवी. गावोगावचे सामने वजनगटांवर होतात. पंचावन्न किलोचा गट म्हणजे सकाळी मैदानावर सगळ्यांचं वजन होणार आणि पंचावन्नच्या वर चिमूटभरही चालणार नाही. मग सोळा वर्षांचं पोरगं आणि छत्तीस वर्षांचा बाप्या एकमेकांसमोर उभे राहतात. कप्तान नव्याण्णव सालापासून या गटात आमच्या कामठा गावाकडून खेळत होते. गोरेगावचा कप एकदा तरी गावात आणायचा, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनात धरली होती. दोनदा अंतिम सामन्यात हरले होते.

"वरच्या गटात खेळा ना," मी म्हणायचो.

"तठी सारे हत्ती आहेत बे. मले चेंदून टाकतीन."

गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये आम्ही दोघं कामाला. मी कारकून आणि ते काट्यावर. धानाचं पोतं काट्यावर पडलं की आकडा असा ओरडायचे की मला ऑफिसात बसून लिहिता यायचा. संघात मात्र मी राखीव खेळाडू. म्हणजे बाटल्यांत पाणी भरायचं आणि सगळ्यांची घड्याळं सांभाळायची. हे काम मी फार मन लावून केलं.

डिसेंबर लागला की कप्तानांचं जेवण बंद. सकाळी वाटीभर पेज, संध्याकाळी पालेभाजी. दुपारी माझा डबा उघडला की समोर येऊन बसायचे. "तू खाय, मी पाह्यतो," म्हणायचे. आपल्याकडे कुणी असं पाहत बसलं तर घास उतरेल का सांगा! त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वैतागायच्या. "लगनात जाऊन उपाशी येनारा मानूस कोठी पाह्यला का, भाऊजी?" मी मान हलवायचो. खरंच पाहिला नव्हता.

एका वर्षी तयारी जोरात होती. संघ चांगला जमला होता. कप्तान रोज सुट्टी झाली की मिलच्या काट्यावर चढायचे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आकडा बरोबर पंचावन्नवर थांबला. त्या आनंदात त्यांनी चक्क एक केळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गोरेगावच्या मैदानावर आकडा आला पंचावन्न किलो सातशे ग्रॅम. कप्तान उतरले, पुन्हा चढले. तेच. आधी त्यांनी केळ्याला शिव्या दिल्या. मग एकदम कपाळावर हात मारला. "बारदाना!"

मिलमध्ये धानाचं निव्वळ वजन कळावं म्हणून सकाळी रिकामं पोतं, म्हणजे बारदाना, काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणतात. मग पोतं उचलतात. पुढं दिवसभर काटा प्रत्येक वजनातून एका पोत्याचं वजन कापूनच दाखवतो. आणि रोज सकाळी हे काम करणारा माणूस कोण? आमचे कप्तान. महिनाभर ते स्वतःला धानाच्या पोत्यासारखं मोजत होते.

वजन बंद व्हायला एक तास होता. दोन स्वेटर चढवून ते रस्त्यानं पळाले. एसटीतली माणसं खिडकीतून डोकावून पाहायला लागली. परत आले, वजन केलं, पुन्हा पळाले. मग न्हाव्याकडून डोकं सफाचट करून घेतलं. शेवटी कमरेचा करदोडाही कापला. आकडा आला पंचावन्न किलो शंभर ग्रॅम.

"सर, दोन मिनिटं द्या. थुकतो ना अजून," कप्तान पंचांना म्हणाले.

पंचांनी घड्याळ दाखवलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

कप्तानांच्या जागी मी उतरलो. पहिल्याच सामन्यात आम्ही बाहेर पडलो, आणि शेवटची पकड माझ्या हातून सुटली. परतताना जीपमध्ये मला रडू आवरेना. कप्तान टकलावर मफलर गुंडाळत होते.

"तू कायले रडून राहिला? काटा मी लावला होता. पुढच्या साली येऊन राहिलो आपन."

पुढचं वर्ष त्यांनी कसं काढलं ते मी पाहिलंय. उजवा गुडघा सुजायचा. डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून बजावलं. ते हो म्हणाले आणि पट्टी बांधून सरावाला आले. पोरं त्यांच्या मागं काका, काका करत चिडवायची. ते एकेकाला पकडून मातीत बसवायचे. मिलच्या काट्यावर मात्र पाय ठेवला नाही.

गोरेगावला वजन भरलं चोपन्न किलो नऊशे. अंतिम सामन्यात आम्ही एका गुणानं मागं होतो आणि चढाई शेवटची होती. कप्तान गेले. कोपऱ्यातल्या गड्यानं पाय धरला, दुसऱ्यानं कंबर, तिसरा पाठीवर पडला. तोंडात कबड्डी कबड्डी चालूच. बोटं मातीत रोवून ते इंच इंच सरकत होते. दम सुटला नाही. मधल्या बोटाचं टोक रेषेपलीकडं गेलं आणि शिट्टी वाजली. मी सगळी घड्याळं टाकून मैदानात पळालो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

फोटोवाला आला. कप घेऊन आम्ही उभे राहिलो, आणि पाहतो तर कप्तान नाहीत. मंडपामागं स्वयंपाक चालला होता. तिथं ते मांडी घालून बसले होते. पुढ्यात भाताचा ढीग, वरून वरण, हात कोपरापर्यंत मातीचा. मी बोलवायला गेलो.

"काढा तुमी. मी खाऊन राहिलो," ते म्हणाले, आणि वाढप्याकडं बघून ताट पुढं केलं.

दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि कप्तान गेले. त्यानंतर महिनाभरानं वहिनी मिलमध्ये आल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. "कप जितला तवाचा असन ना?"

मी ड्रॉवरमधून तो फोटो काढून दिला. त्यांनी एकेक चेहरा बोट ठेवून पाहिला. मी खाली मान घालून सांगितलं, "वहिनी, यात ते नाहीत. तेव्हा मागं जेवत होते."

वहिनींनी फोटोवरचं बोट उचललं.

"पोटभर जेवले ना?"

"तीनदा भात घेतला."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि तोच फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेल्या.