हॉलमधली चार चाकं

माझा नवरा निर्णय घेत नाही, निर्णयाचा अभ्यास करतो. मला पसंत करायला त्याला चाळीस मिनिटं लागली होती, त्यातली दहा पोह्यांत गेली. गाडीचे विंटर टायर निवडायला अडीच महिने लागले. हे त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "तेव्हा माझ्याकडे डेटा कमी होता." मी कपाळाला हात लावला आणि कामाला गेले.

टायरची मागणी मात्र माझी होती, आणि ती हौसेपोटी नव्हती. आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहायचो आणि मी तिथून वीस मैलांवरच्या हॉस्पिटलमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात रजिस्ट्रार डॉक्टर होते. आदल्या फेब्रुवारीत जोरात बर्फ पडला. आमची गल्ली उताराची आणि आमचं घर तळाशी. कौन्सिलची मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यावरून थाटात निघून जाते, आमच्या गल्लीकडे ढुंकूनही बघत नाही. सकाळी मी गाडी काढली. ती अर्ध्या चढावर गेली आणि तशीच मागे घसरत येऊन शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकली. परत प्रयत्न केला, परत कुंपण. शेवटी चालत, मग बस, मग पुन्हा चालत असं करत मी दुपारी तीनला वॉर्डात पोचले. पोचायचं होतं साडेआठला.

रात्रपाळीचा डॉक्टर तोवर माझ्यासाठी थांबला होता. ग्लासगोचा, उंच, मोजकं बोलणारा माणूस. त्याचे वडील अगदी शेवटच्या दुखण्यात होते. सकाळी सुटून तो थेट गावी जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसणार होता. पण त्या बाळांना डॉक्टरशिवाय सोडून जाता येत नाही. मी गेल्यावर तो निघाला, रात्री घरी पोचला. वडील संध्याकाळीच गेले होते.

आठवड्यानं तो परत आला तो वॉर्डसाठी बिस्किटांचा डबा घेऊन. मला म्हणाला, "बर्फ पडला, त्यात तुझा काय दोष?" त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी बिस्कीट घेतलं आणि तसंच कोटाच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या हिवाळ्यात मी वेळेवर पोचणार म्हणजे पोचणार, मग त्यासाठी गाडीला रणगाड्याचे पट्टे लावायला लागले तरी चालतील.

सप्टेंबरात नवऱ्यानं एक्सेल शीट उघडली. ओल्या रस्त्यावरची पकड, बर्फावरची पकड, आवाज किती, झीज किती. जर्मन लोकांचे फोरम तो भाषांतर करून वाचायचा आणि जेवताना आम्हाला सांगायचा. तापमान सात डिग्रीच्या खाली गेलं की साधा टायर दगडासारखा होतो, हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं की सहा वर्षांची लेक शाळेत 'शो अँड टेल'ला वर्गापुढे उभं राहून तेच सांगून आली.

एका शनिवारी आम्ही स्लाऊला गेलो. तिथे नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेला एक पंजाबी टायरवाला होता. विंटर टायर म्हटल्यावर त्यानं आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बहनजी, ये इंग्लंड है, लडाख नहीं." त्याच्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात असे टायर कुणी मागितले नव्हते. नवऱ्याला याचा राग यायला हवा होता, पण तो खूश झाला. आपण पहिलेच, म्हणजे आपलंच बरोबर, असा, सांगलीचा असूनही, पुणेरी हिशोब.

मग चाकांचा प्रश्न. नुसते टायर घेतले तर वर्षातून दोनदा गॅरेजात जाऊन बदलायला लागणार. त्यापेक्षा रिमसकट चार चाकं घ्यायची आणि घरच्या घरी बदलायची. रिम अलॉयची घ्यावी की स्टीलची, यावर तीन आठवडे गेले. शेवटी काळी, बोजड स्टीलची ठरली. "चोर बघणारसुद्धा नाही," नवरा समाधानानं म्हणाला. गाडीला आधीपासून असलेली अलॉय चाकं चोरांपासून राखायला त्यानं प्रत्येक चाकाला एकेक कुलपाचा नट लावून घेतला होता. त्याला साधा पाना चालत नाही. त्याच्याच दातांची एक जड लोखंडी टोपी मिळते, ती आधी नटावर बसवायची आणि मग पाना फिरवायचा.

इन्शुरन्स कंपनीला कळवायला मीच फोन केला. चाकं बदलणं म्हणजे त्यांच्या भाषेत गाडीत फेरफार. पलीकडच्या मुलीनं विचारलं, गाडी शर्यतीसाठी वापरणार का? मी म्हटलं, "हॉस्पिटलला जायला वापरणार. शर्यत होईल की नाही ते बाळांवर आहे." तिनं ते गंभीरपणे लिहून घेतलं असावं, कारण बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत होता.

चाकं डिसेंबरात आली, आणि ती हॉलमध्ये राहिली. शेडमध्ये नवऱ्याची दुरुस्तीला काढलेली तीन कॉम्प्युटरं होती. सोफ्यामागे चार काळी चाकं एकावर एक रचून त्यानं त्यावर जुनी चादर घातली. सासूबाई नवरात्राच्या आधीच सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी चादर काढून आधी चाकांना हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाल्या, "बरं झालं बाई वेळेवर आली. परवापासून पौष लागतोय."

झालं. नवऱ्याला तेवढंच हवं होतं की काय कोण जाणे. मी दर शनिवारी विचारायचे, चाकं कधी बसवतोयस? तो आवाज खाली करून म्हणायचा, "अगं, पौष चालू आहे. आईला कशाला दुखवायचं?" मला राग यायचा, पण सासूबाईंशी माझं चांगलं होतं. त्या डोक्याला कानटोपी बांधून लेकीला शाळेत सोडायच्या, माझ्या पाळ्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या बाईशी चाकांवरून कुठे वाजवायचं, म्हणून मी गप्प बसले. चाकांवर आता लेकीचं दप्तर, नवऱ्याचा लॅपटॉप आणि वाळत घातलेले मोजे असायचे.

नाताळ सरला, नवं वर्ष लागलं, आणि एका मंगळवारी दुपारी बर्फ सुरू झाला. मला सुट्टी होती. टीव्हीवर सांगत होते की रात्रभर पडणार, उद्या गरज नसेल तर घराबाहेर पडू नका. मी फ्रिजवरचा ड्यूटीचा कागद बघितला. बुधवारी साडेआठला मला सुटका करायची होती ती त्याचीच, ग्लासगोवाल्याची. 

नवरा घरूनच काम करत होता. मी त्याचा लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "ऊठ. आत्ताच्या आत्ता चाकं बसव."

"पण पौष—"

"पौष गेला खड्ड्यात." हे मी सासूबाईंच्या समोर म्हटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, असं मी कधी बोलले नव्हते.

सासूबाईंनी निवडायची मेथी बाजूला ठेवली. "पौषाचं काय?" त्यांनी विचारलं.

"आई, तूच म्हणालीस ना, पौष लागतोय म्हणून."

"अरे, पौषात नवी वस्तू घेऊ नये. घेतलेली वापरायला कसला आलाय पौष? पौषात काय माणसं जेवत नाहीत? मी म्हणते, हा पोरगा चाकं का बसवत नाही? मला वाटलं थंडी कमी पडतीय त्याच्या हिशोबाला."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो. त्याचे कान लाल झाले. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवताना हा असाच दिसत असणार.

"ती टोपी सापडत नाहीये," तो म्हणाला. "कुलपाच्या नटाची. ती नसली तर जुनी चाकं निघतच नाहीत."

कधीपासून? तर ऑक्टोबरपासून. त्यानं ती गाडीत ठेवली नव्हती, कारण चोर गाडी घेऊन गेला तर त्याला चाकंही आयती मिळतील. चोर गाडीच घेऊन गेल्यावर चाकांचं काय राहिलं, हे मी विचारलं नाही. ती त्यानं नीट ठेवली होती. इतकी नीट की कुठे ते त्यालाच आठवेना. नवी मागवायची तर सोबतच्या कार्डावरचा नंबर लागतो, आणि कार्डही तिच्याबरोबरच नीट ठेवलेलं. अडीच महिने अभ्यास केलेल्या माणसाला हे बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून त्यानं आईचा पौष पुढे केला.

  आम्ही घर उलथंपालथं केलं. पिठाचे डबे पाहिले, सोफ्याच्या फटी पाहिल्या, शेडमधली कॉम्प्युटरं उघडली. चार वाजता अंधारून आलं. खिडकीतून गाडी दिसत होती, तिच्या टपावर बोटभर बर्फ चढला होता. मला तो बिस्किटांचा डबा डोळ्यांसमोर यायला लागला. या वेळीही तो माणूस माझ्यासाठी थांबणार, आणि या वेळीही म्हणणार की तुझा काय दोष. मला रडू फुटलं.

सासूबाई म्हणाल्या, "तिन्हीसांजेला रडू नये. दिवा लाव आधी." त्यांच्यासमोर आता दुसऱ्यांदा उलट बोलण्याचं त्राण नव्हतं. मी किचनच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात दिवा लावला, हात जोडले आणि जरा वेळ तशीच उभी राहिले. एरवी मी कामावर जाताना देवाला उभ्याउभ्या नमस्कार करणारी. देवांकडे इतका वेळ मी कधी पाहिलंच नव्हतं. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि त्यांच्या शेजारी सासूबाईंचा तो गोल देव. हळदीकुंकवानं माखलेला, डोक्यावर शेवंती. त्यांच्या कुळातला असेल म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. दिव्याच्या उजेडात त्या देवाचे दात दिसले.

"आई," मी म्हटलं, "हा तुमचा देव कुठला?"

"माझा?" त्या आतून म्हणाल्या. "माझा नव्हे, तुझ्या माहेरचा ना तो?"

नवरात्रात काडेपेटी शोधताना त्यांना हॉलच्या खणात, बॅटऱ्या आणि टेपपट्ट्यांच्या गर्दीत, माझ्या माहेरच्या, पुण्याच्या सोनाराची लाल मखमली पिशवी सापडली होती. आत जड, चकचकीत, चक्रासारखं काहीतरी. त्यांना वाटलं, सुनेच्या माहेरचं सुदर्शन चक्र असणार, आणि ही डॉक्टरीणबाई कामाच्या गडबडीत देवाला खणात टाकून विसरली. मला विचारलं तर मी ओशाळेन, म्हणून त्यांनी काही न बोलता त्याला दुधापाण्यानं आंघोळ घातली आणि देवांत बसवलं. तीन महिने रोज पूजा. दसऱ्याला सोनं, दिवाळीला अभ्यंग. कार्ड देवाच्या वस्त्राखाली होतं. ती सोनाराची पावती असावी असं त्यांना वाटलं होतं.

नवरा धावत आला आणि त्यानं देवाला उचललं. "आधी नमस्कार कर," सासूबाई म्हणाल्या. त्यानं केला. मीही केला.

मग रस्त्यावरच्या दिव्याखाली, पडत्या बर्फात, आमच्या घरानं चाकं बदलली. टोपी नटावर चपखल बसली, फक्त दातांत हळद होती. नवरा जॅक लावून पाना फिरवत होता, मी एकेक चाक हॉलमधून गडगडवत आणत होते, आणि सासूबाई नऊवारीवर माझा रेनकोट आणि पायात लेकीच्या बाबाचे स्पोर्ट्स शूज घालून आमच्यावर छत्री धरून उभ्या होत्या. समोरचा इंग्रज शेजारी, ज्याच्या कुंपणाला मी दोनदा टेकले होते, तो खिडकीत चहाचा मग घेऊन बघत होता. थोड्या वेळानं तो आपल्या कुंपणापुढची कुंडी आत घेऊन गेला.

बुधवारी सकाळी सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, मी त्यावरून गाडी काढली, आणि आमची ती निळी गाडी शहाण्या म्हशीसारखी चढ चढून गेली. पुढे रस्त्याच्या कडेला भारी भारी गाड्या तिरक्या होऊन पडल्या होत्या. मी वीस मैल दुसऱ्या गिअरपुढे गेले नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी मी वॉर्डात होते.

तो स्टाफरूममध्ये होता. त्यानं बूट काढून ठेवले होते, टेबलावर टूथब्रश काढला होता आणि किटली लावली होती. दुपारपर्यंत राहायच्या तयारीनं. मी येईन असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ते बघून मला वाईट वाटलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

"तू आलीस," तो म्हणाला. त्यानं घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. मी म्हटलं, "बूट घाल. घरी जा."

त्यानं मला बाळांची माहिती दिली, कोट चढवला, आणि दाराशी जाऊन परत आला. त्याची आई त्या महिन्यात त्याच्याकडे राहायला आली होती, ते मला माहीत नव्हतं. "ती नाश्त्याला थांबते," एवढं बोलून तो गेला.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या. "पोचलीस का गं वेळेवर?"

"दहा मिनिटं आधी."

त्यांनी मान हलवली. मी हात धुऊन देवापुढे गेले, तर लोखंडी टोपी स्वच्छ आंघोळ करून, कुंकू लावून परत आपल्या जागेवर. मी म्हटलं, "आई, तो गाडीचा नट आहे हो."

"ते कळलंय मला," त्या म्हणाल्या. "पण तुला वेळेवर पोचवलं ना त्यानं? बाकीच्या देवांना मी नऊ वर्षं तेवढंच मागतेय. राहू दे त्याला तिथंच."