डावीकडची कोरी पानं

आयरिन गेली हे तिच्या भावाने, पास्कूने, फोनवर सांगितलं तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत होते. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. ‘‘काहीतरीच काय बोलतोस!’’ म्हणून मी त्यालाच दटावलं आणि मूर्खासारख्या उरलेल्या शेंगाही सोलून टाकल्या... वीस वर्षं एकाच शाळेत नोकरी करताना आम्ही एका टेबलाशी डबा खाल्ला होता. त्या दिवशी मला धड रडूही आलं नाही.

चर्चमधल्या तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर पास्कूने एक इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ‘‘तुलाच द्यायचं म्हणायची, फिलू बाय. आमच्या डोक्यावरून जातं.’’ पुस्तक ओळखीचं होतं. एका बाईने दुसऱ्या बाईबरोबर केलेल्या संसाराची आठवण. ती दुसरी हिला मारायची. मजकूर फक्त उजव्या पानांवर, डावी सगळी कोरी. आयरिनने ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी खिदळले होते, ‘‘अर्धं छापायचं विसरले की काय गं?’’

‘‘ती दुसरीची जागा आहे, फिलू. तिने उत्तर द्यावं म्हणून सोडलेली.’’

‘‘मग दिलं?’’

‘‘कुठलं देतेय! ...तू वाच ना एकदा.’’

मी हो म्हटलं आणि वाचलं नाही. असली रडगाणी कोण वाचत बसणार, असं माझं आपलं मत.

आयरिनचाही असाच संसार होता, गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये, मेघाबरोबर. इथे आमच्या पापडी गावात लोक कुजबुजायचे. मी मात्र नाताळचं फराळाचं ताट दोघींच्या नावाने ताठ मानेने पाठवायचे, आणि मला त्याचा कोण गर्व! एकदा आयरिन भर उन्हात दारात उभी राहिली. मनगट सुजलेलं, ओठ फाटलेला. ‘‘चार दिवस राहू का?’’ मी हळद लावली, चहा पाजला, आणि आमच्याकडे माहेरी रुसून आलेल्या लेकीला जे सांगतात तेच सांगितलं. भांड्याला भांडं लागायचंच, बाईने घर सोडून बसू नये. लेकीला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, म्हणून घरच्या सुकवलेल्या केळ्यांची पुडी बांधून दिली. मेघाला आवडायची. अंधार पडायच्या आत रिक्षात बसवलंसुद्धा. त्यानंतर ती आणखी दोन वर्षं मेघाकडेच राहिली. शेवटी एका पिशवीनिशी निघाली ती भावाच्या वाडीतल्या खोलीत. माझ्याशी मात्र पहिल्यासारखीच हसून बोलायची.

परवा पुस्तक उघडलं. डावी पानं आता कोरी नव्हती. आयरिनचं बारीक अक्षर, पेन्सिलीतलं... उजवीकडे त्या बाईचं, डावीकडे हिचं. कुठल्या दिवशी काय फुटलं, कशावरून फुटलं. आणि एका पानावर एवढंच: ‘त्या दिवशी फिलूकडे गेले. तिने मला अगदी लेकीसारखं वागवलं.’

शिवी घातली असतीस तर बरं झालं असतं गं, आयरिन! खरंच तसंच वागवलं मी. गेल्या ईस्टरला माझी स्टेफी सासरहून रडत आली होती. पोटची पोर. तिलाही चहा पाजला, पुडी दिली, रिक्षात बसवलं. का रडतेस हेसुद्धा विचारलं नाही.

पुस्तक मिटायचंही भान राहिलं नाही. तशीच फोन लावून बसले. ‘‘स्टेफी, तुला तो मारतो का गं?’’

पलीकडे तिने खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

मग हळूच म्हणाली, ‘‘मम्मी, आज का विचारतेस?’’