पाणी न लावलेला चुरा

"पाणी लावायचं नाही. थेंबसुद्धा नाही," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. ते बोर्डिंगच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि मी ओट्सच्या टिनांच्या राशीवर बसलो होतो. "बिनपाण्याचं काही येतं का तुला?"

"येतं. पण त्यांच्या सोवळ्यासाठी करणार नाही."

"मग कशासाठी करशील?"

"ही टिनं संपवायला."

सेक्रेटरीसाहेब पेशाने वकील. हसायच्या आधी विचार करायची सवय. विचार करून ते म्हणाले, "कारण तुझं तुझ्यापाशी ठेव. रविवारी पालक येताहेत. त्यांना कोरडं काहीतरी दे."

हे बोर्डिंग जळगावला मेहरूण तलावाच्या बाजूला होतं. खेड्यापाड्यांतली, हायस्कुलात शिकणारी मुलं तिथे राहत. सगळ्या जातींची मुलं आणि पंगत एकच, हा सेक्रेटरीसाहेबांचा हट्ट. आधीचा आचारी गावी गेला तो परतला नाही, म्हणून त्यांनी मला ठेवलं. मी मुळात आचारी नव्हे. माझा धंदा भट्टीचा. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या बेकरीत शिकलो, लढाई संपल्यावर धुळ्याच्या एका बेकरीत लागलो. त्या बेकरीत माझी जात कुणी विचारली नाही. पाव पुढच्या दाराने विकला जाई आणि मी मागच्या दाराशी कणीक तिंबत असे. गिऱ्हाईक पावाला हात लावून बघे, मला कोण बघतो? अंगठ्याएवढं बिस्किट कागदात गुंडाळून आलं की ते कुणाच्या हातचं, हे भल्याभल्यांना आठवत नाही. पण तोच हात भाकरी थापताना दिसला की धर्म बुडतो. हे मी पत्रकातही लिहिलं होतं, आणि ती पत्रकं धुळ्याच्या आग्रा रोडवर वाटताना मारही खाल्ला होता.

मी महारवाड्यातला. बोर्डिंगच्या चुलीपाशी महार आहे ही बातमी गावोगाव पोचली, आणि पालकांचा निरोप आला: एक तर तो आचारी, नाही तर आमची पोरं.

यात माझी नोकरी जाणार होती, पण मला त्याची फिकीर नव्हती. पाव भाजणाऱ्याला काम मिळतं. प्रश्न पंगतीचा होता. मला काढून सोवळ्यातला आचारी आणला असता तर पंगत एकच राहिली असती, पण नावापुरती. वाढणारा वरून टाकणार, आणि आमची मुलं शेवटच्या टोकाला सरकणार. मी हे बघितलेलं आहे. आणि मला ठेवलं तर मुलं जाणार आणि बोर्डिंगच बंद होणार. पालकांचा सगळा कौल एदलाबादकडच्या नाना पाटलांच्या हातात होता. त्यांचा पुतण्या आमच्याकडे होता. नाना म्हणतील तसं बाकीचे करणार.

आता ते सोवळं. पाण्यात शिजलेलं अन्न लवकर बाटतं, कोरडं आणि तुपातलं सहसा बाटत नाही, असा लोकांचा हिशेब. खरं तर आमच्या हातचं तुपातलंसुद्धा कुणी घेत नसे. पण सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं, कोरडं असलं तर निदान बोलायला जागा राहते. वकील तो, फट शोधणारच. मला त्या फटीतून आत जायचं नव्हतं. माणूस म्हणून दारातून घ्या, नाही तर नका घेऊ. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"दार उघडेपर्यंत मुलांनी काय खायचं?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

ओट्सची टिनं हा वेगळा ताप होता. लढाई संपल्यावर लष्कराचा माल विकायला निघाला, त्यातल्या ओट्सच्या पेट्याच्या पेट्या एका व्यापाऱ्याने बोर्डिंगला दान केल्या. ओट्स म्हणजे थंड मुलखातलं एक धान्य. दाणा वाफवून चपटा करतात, आपल्या पोह्यांसारखा. साहेब लोक त्याची लापशी खातात. मी मुलांना तशी लापशी करून दिली. एकाने वाटी उपडी केली तरी ती पडेना. "दादा, ही भिंतीला लावायची का?" त्याने विचारलं. रेशनचे दिवस, धान्याची ओढ, आणि एवढं खाणं स्टोअरमध्ये पडून.

लष्करात एका गोऱ्या सार्जंटने मला ओट्सचा खरा उपयोग शिकवला होता. त्याला ते लोक क्रम्बल म्हणतात. खाली फळं, वर टॉपिंग, म्हणजे वरचा थर. हा थर ओट्स, थोडं पीठ, गूळ किंवा साखर आणि लोणी यांचा. मळायचं नाही, लाटायचं नाही. फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं. आणि पाणी अजिबात नाही. पाणी लागलं की त्याची कणीक होते, भाजल्यावर पापड होतो, आणि सार्जंट शिव्या देतो. म्हणजे सेक्रेटरीसाहेबांनी अट घालायच्या आधीच माझ्या धंद्याने ती घातलेली होती. मला चीड आली ती या गोष्टीची. मी पाणी लावलं नसतंच, पण आता वाटणार की भिऊन लावलं नाही.

मागच्या अंगणात विटामातीची छोटी भट्टी बांधली होती, ती शनिवारी सुकली. रविवारी सकाळी कामाला लागलो. पेरूच्या फोडी केल्या. मेहरूणची बोरं मुलांनीच आणून दिली, त्यांच्या बिया काढल्या. वर गूळ किसून टाकला आणि लिंबू पिळलं. गूळ फळातला रस ओढून काढतो, त्यामुळे खालीही पाणी लागत नाही. थंडी होती म्हणून तूप थिजलेलं होतं, ते बरं झालं. चुऱ्याला थिजलेलंच तूप लागतं. पातळ तूप पिठात जिरून जातं आणि चुऱ्याचा लगदा होतो.

परातीत ओट्स, ज्वारीचं पीठ, किसलेला गूळ आणि मीठ घेतलं. मध्ये तुपाचे गोळे टाकले आणि चोळायला लागलो. तळवा लावायचा नाही. तळवा गरम असतो, तूप वितळवतो. चिमटीत घ्यायचं, चोळायचं, उंचावरून परत परातीत सोडायचं. आधी नुसतं पीठ दिसतं. मग वाळूसारखं होतं. मग एका क्षणी ते बदलतं, आणि तो क्षण मला आजही कळत नाही. हाताखाली सुटंसुटं पीठ असतं, आणि पुढच्या चिमटीला खडे असतात. मुठीत दाबलं तर ढेकूळ होतं, बोट लावलं तर सुटतं. कुणी त्यांना बांधलेलं नसतं, तरी धरून राहतात. मी शेकडो पराती चोळल्या असतील, पण त्या क्षणाला हात जरा थांबतोच.

भट्टीचा अंदाज घ्यायला आत चिमूटभर पीठ टाकतात. लगेच काळं झालं तर भट्टी तापट, हळू तांबूस झालं तर बरोबर. तांबूस झालं. ट्रे आत सरकवले. थोड्या वेळाने गुळाचा आणि तुपाचा वास अंगणातून ओसरीवर गेला, आणि तिथे चाललेलं बोलणं मंदावलं.

सेक्रेटरीसाहेब मागे आले. "हरी वाढेल," ते म्हणाले. हरी आमचा पाणक्या. पाहुण्यांसाठी त्याने वेगळी पितळी घागर भरून आणली होती, आणि तिला मी शिवू नये म्हणून तो सकाळपासून तिच्यापाशीच बसून होता.

"मी केलंय, मीच वाढणार," मी म्हणालो. "ज्याला नको त्याने माझ्या तोंडावर नको म्हणावं."

"तू सगळं घालवशील."

"घालवायला माझंच आहे."

ते बाजूला झाले. हेही मी त्यांच्या नावावर मांडून ठेवतो, बाजूला व्हायला माणूस लागतो.

ओसरीवर वीसेक माणसं बसली होती. मध्ये नाना पाटील, पांढऱ्या मिशा, मांडीवर काठी. मी ट्रे घेऊन समोर गेलो तशी कुजबुज झाली. नाना ट्रेकडे बघत राहिले. वर सोनेरी खडे, कडेने लालसर रस उकळून वर आलेला.

"हाई काय शे?"

"क्रम्बल, नाना. खाली पेरू आणि बोरं. वर ओट्सचा चुरा."

"ओट्स म्हंजे?"

शेजारचे आबा म्हणाले, "घोडास्नं खानं शे ते, नाना. पलटनमा घोडास्ले देतंस."

"मंग घोडास्ले इचार, कसं लागस," नाना म्हणाले. लोक हसले. नाना हसले नाहीत. "पानी लागनं का याले?"

"नाही."

"आमना करता नही लावं?"

सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. हो म्हणालो असतो तर सगळं सोपं होतं.

"तुमच्याकरता नाही," मी म्हणालो. "पाणी लागलं तर चुरा बिघडतो. तुम्ही आला नसता तरी लावलं नसतं."

नानांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "म्हंजे तुना धंदाना नियम शे."

"हो."

"आमना नियम नही."

"नाही."

"मंग ठीक," नाना म्हणाले आणि त्यांनी पान पुढे केलं.

मी वाढलं. त्यांनी एक घास घेतला. खडे दाताखाली कुरकुरले ते मला ऐकू आलं. दुसरा घास घेतला. मग शेजाऱ्याला म्हणाले, "खाई तर देख, आबा. घोडा शहाना शे." एकेक पान पुढे यायला लागलं. कोरडंच आहे, पाणी नाही, नानांनी घेतलंय, असं म्हणत म्हणत माणसं खायला लागली. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा उजळला. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. सगळे त्या फटीतून खात होते. उद्या गावी जाऊन सांगणार, त्याच्या हातचं खाल्लं पण कोरडं खाल्लं. आणि पोळीभाजीची वेळ आली की पुन्हा तेच.

नानांनी पान स्वच्छ केलं. मिशांवरचा चुरा झटकला. घसा खाकरला. चुरा कोरडा असतोच, त्यात म्हाताऱ्याचा घसा.

"पानी," ते म्हणाले.

हरी तांब्या घेऊन उठला.

"तू बठ," नाना म्हणाले. काठीचं टोक माझ्याकडे वळलं. "ज्यानी तहान लाई, त्यानाच हातनं पिसु."

हरी घागरीपासून सरकला. मी घागरीपाशी गेलो. तिच्यात तांब्या बुडवताना आवाज झाला, तो मला फार मोठा वाटला. तांब्या भरून आणला आणि नानांच्या समोर येऊन तो तिरका करायला लागलो. वरून ओतायला. त्यांनी ओंजळ धरावी म्हणून. आम्हाला जन्मभर असंच पाणी मिळालेलं. दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा हाताला दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

"वरतून काय वततस?" नाना म्हणाले. "हातमा दे."

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, खरबरीत, शेतकऱ्याची. त्यांनी तांब्या ओठाला लावला आणि घटाघट प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. मी पत्रकांत माणुसकी हा शब्द कितीदा लिहिला असेन, पण ती अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. रिकामा तांब्या त्यांनी माझ्याच हातात परत दिला.

मग खरी गंमत झाली. बाकीच्यांनीही चुरा खाल्ला होता. त्यांच्याही घशाला कोरड पडली होती. आणि घागर एकच, तिच्यात माझा हात बुडलेला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबांनी बराच वेळ घसा खाकरला, नानांकडे बघितलं, आणि मग पान बाजूला ठेवून म्हणाले, "आण रे भाऊ, माले बी." त्यांच्यामागून बरेच जण प्याले. काही जण उठले आणि तडक तलावाकडे चालू लागले. नाना त्यांच्याकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या. तठे पानीमा म्हशी बसेल शेतस."

त्यातल्या दोघांनी संध्याकाळी आपापली पोरं घरी नेली. बाकीची राहिली, मी राहिलो, पंगत राहिली. नाना गावी जाऊन सुधारक झाले असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्या गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना मज्जाव होता तो तसाच राहिला, आणि त्या विहिरीवर मी पुढे पत्रक काढलं. नानांनी ते वाचून घेतलं, असं पुतण्या सांगत होता.

धंद्यातल्या लोकांसाठी एवढंच सांगतो. चुऱ्यात तूप वाढवलं तर तो मऊ होतो, घशाखाली सहज उतरतो, आणि लोकांना तसाच आवडतो. मी वाढवत नाही. माझा चुरा अजून जरा कोरडाच असतो, आणि पाण्याची घागर मी माझ्या हाताशी ठेवतो.