ठकूबाईची चूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, संस्थेत सात वर्षं माझ्याबरोबर एकाच डब्यातून जेवणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. आणि आधीच सांगते, माझ्याशी गोड बोलू नका. दरडीच्या कामानंतर मला शाल मिळाली, नारळ मिळाला, 'ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून' वगैरे ऐकायला मिळालं. ऐकताना अंगाची लाही लाही व्हायची. कसली माणसं? ठाऊक तरी आहे का तुम्हाला?

मी महाडची, एका मदतसंस्थेत कामाला. पोलादपूरच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी पुरेसं सोसलंय. तिच्यावर दरड आली. वरची घरं माणसांसकट गेली. खालची उभी राहिली, पण डोंगराला भेग पडलेली, म्हणून खालच्यांनाही हलवायचं ठरलं. सपाटीवर पत्र्याच्या खोल्या बांधायच्या आणि दर चुलीमागे एक खोली द्यायची.

आमच्याकडे छप्पर मोजत नाहीत, चूल मोजतात. एका घरात दोन भाऊ वेगळे रांधत असतील तर ती दोन कुटुंबं, यात कुणाला काही सांगावं लागत नाही. पण मदत येणार अशी कुणकुण लागली की घराघरांत तीन दगडांच्या नव्या चुली उगवतात. त्या पकडायचं काम माझं. मी सरळ चुलीत हात घालायचे. राख गार, भिंतीला काजळी नाही, शेजारी मिठाची बरणी नाही — खोटी चूल, खोडा, पुढे चला. एकदाही फसले नव्हते. वाडीवाडीत बायका म्हणायच्या, 'त्या ताईसमोर नाटक नको हां.' मला फार भारी वाटायचं. हो, त्या चिखलात, त्या वासात, मला भारी वाटायचं.

दिवस कसा जायचा? सकाळी सातला जीप निघायची. बिरवाडीच्या नाक्यावर ताडपत्र्या, फिनेल, डाळ-तांदूळ चढवायचे. पुढे रस्ता तुटलेला, तिथून चालत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, चप्पल घातली की आग. मग याद्या. याचं आधार कार्ड ढिगाऱ्यात, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या, कुणाची म्हैस सापडत नाही. आणि वर पाहुणे! पांढरेशुभ्र बूट घालून यायचे, 'इथून फोटो चांगला येईल का?' म्हणून विचारायचे. येताना जुन्या कपड्यांचे गठ्ठे आणायचे. चेन तुटलेल्या जीन्स, लग्नातले घागरे, एकाच पायाचे मोजे. मला किळस यायची. आणि तरी मी तेच कपडे वाटायचे — हसून, कॅमेऱ्याकडे बघून. दुसरं कोण वाटणार होतं?

अशाच एका दिवशी मी ठकूबाईच्या हातात एक पिशवी दिली. ठकूबाई म्हणजे खालच्या घरांतली एक म्हातारी, सत्तरीची, काटक, तोंडाने फटकळ. पाहुणे शेजारीच उभे. तिने पिशवी तिथेच उघडली. आतून टिकल्यांचा गुलाबी घागरा निघाला, अर्ध्या टिकल्या गळलेला. तिने तो दोन्ही हातांनी वर धरला, माझ्या कमरेला लावून मापला आणि म्हणाली, "माज्या मापाचा नाय गो. तूच घाल. पावन्यांसमोर नाच बरी." आणि तो माझ्या खांद्यावर टाकला.

सगळी वाडी हसली. दरडीनंतर पहिल्यांदा हसली असेल. घरातली तीन माणसं गेलेला एक जण हसता हसता खाली बसला. आज वाटतं, मीही हसायला हवं होतं. तिने जे केलं ते मीच करायला हवं होतं. पण पाहुणेही हसले ना! आणि माझं तोंड तापलं. म्हातारीला धडा शिकवायचा — हे शब्द माझ्या मनात आले, अगदी अस्से.

चार दिवसांनी मी चुली मोजायला गेले. ठकूबाईचा मुलगा बाळाराम बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचा, कारखान्यात कामाला, सुट्टीला तेवढा घरी. घरात सून आणि दोन नातवंडं. सुनेशी ठकूबाईचं नऊ वर्षं जमत नव्हतं. पडवीच्या टोकाला तिने आपली चूल मांडलेली, त्यावर आपली भाकरी, आपलं कालवण. सून म्हणाली, "आत्त्या वेगळ्या जेवतात, ताई. त्यांचं त्यांना लिवा." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. सासू वेगळी झालेली तिलाही हवीच होती.

मी वाकले. चुलीत हात घातला.

राख गरम होती. बोट भाजलं माझं, इतकी गरम. भिंतीवर काजळीचा जाड थर. मिठाची बरणी, एक तवा, एकच ताट, शेणाने सारवलेला चौकोन, त्यावर हाताच्या बोटांच्या रेघा. इतकी खरी चूल मी त्या अख्ख्या महिन्यात पाहिली नव्हती. ठकूबाई माझ्याकडे बघत होती. तिला घागऱ्याचं आठवतही नसावं. "बगितलीस ना?" एवढंच म्हणाली.

बघितली म्हटलं. आणि बाहेर येऊन कागदावर लिहिलं — चूल एक.

माहिती कुणी दिली, त्याचं नाव आणि सही लागायची. मी बाळारामचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी तो बिरवाडीच्या नाक्यावर भेटला, रात्रपाळी सुटून आलेला, डोळे लाल. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. त्याने वाचलाही नाही. म्हणाला, "तुमी भरलाय म्हंजे बरोबरच असंल, ताई." आणि सही केली. 'अरे, वाच तरी' — हे मी म्हणाले का? नाही म्हणाले.

खोल्या वाटल्या. बाळारामच्या घराला एक. ठकूबाई माझ्याकडे आली, यावेळी हळू बोलत. तिचं नाव कुठाय? कोण बोललं एक चूल म्हणून? तेव्हा अजून दोन खोल्या रिकाम्या होत्या. 'माझी चूक झाली,' एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत तिची चूल पेटली असती. मी कागद काढला आणि म्हटलं, "तुमच्या मुलाची सही आहे, मावशी. मी काय करणार?"

बाळाराम तिच्या मागोमाग आला होता, गयावया करत होता. "आये, मी नाय बोललो गो, आयेशप्पथ नाय बोललो." तिने सहीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकाची सही ओळखता येत होती. आणि तो — तो कागदावर वाकून आपलीच सही निरखू लागला. माझ्यावर संशय घेणं त्याच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःवर घेतला. त्याला वाटलं, झोपेत आपणच काहीतरी बोलून गेलो.

ठकूबाई सुनेच्या चुलीवर जेवली नाही. तवा, बरणी पिशवीत घालून ती शिवथरला भावाकडे गेली. भावाने ठेवून घेतलं, पण तिथे चूल त्याच्या सुनांची. दुसऱ्याचा घागरा न घेणारी बाई दोन पावसाळे दुसऱ्याच्या ताटात जेवली. बाळाराम दर सुट्टीला जायचा, ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस तिने अंथरूण धरलं आणि भावाला सांगून ठेवलं, बाळारामच्या हातचं पाणी नको, आगही नको. ती गेली तेव्हा बाळारामचा मला फोन आला. रडत होता. "ताई, मामा तुमचं ऐकतील. तुमी नुसतं या."

मी गेले. का गेले? न जाण्याची भीती वाटली म्हणून. स्मशानात भावाचा मुलगा पुढे उभा होता आणि पोटचा मुलगा मागे, लोकांच्या पलीकडे. मी मामांना म्हटलं, झालं गेलं विसरा. मामांनी मला एकच विचारलं, "सही त्याचीच होती ना?"

एक वाक्य. काय होतं हो त्यात? जास्तीत जास्त नोकरी गेली असती, महाडात तोंड लपवावं लागलं असतं. समोर एक माणूस आईला आग द्यायला हात पुढे करून उभा होता. मी म्हणाले, "हो. सही त्याचीच होती."

भावाच्या मुलाने आग दिली.

घागऱ्याचा राग म्हणाल, तर तो दोन दिवसांत उतरला होता. त्यानंतरचं सगळं मी थंड डोक्याने केलं. ठकूबाईला तर आता सांगता येत नाही. आणि बाळारामला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, त्याला नाही. कारण तुम्ही माझ्या दारात येणार नाही.

गेल्या वर्षी वाडीला पक्की घरं मिळाली. आत गॅसची शेगडी आहे. पण बाळारामने मागच्या पडवीत एक चूल घातली आहे, स्वतः सारवलेली. आईच्या तिथीला तो ती पेटवतो, तिच्या तव्यावर बायकोला भाकरी टाकायला लावतो. मामांनी तवा परत दिला, एवढंच दिलं. यंदा त्याने मला जेवायला बोलावलं. मान देऊन बोलावलं. पाट मांडला, बायकोने पाणी आणलं. ताट वाढायच्या आधी तो मला मागे घेऊन गेला, हसला आणि म्हणाला, "बगा ताई, हात घालून बगा. खरी हाय ना?"

मी वाकले आणि हात घातला. राख गरम होती.

"खरी आहे," म्हटलं, आणि जेवायला बसले.