पेल्यावरचं नाव

पाणी पिऊन झालं की वकीलकाका पेला फिरवून त्यावर कोरलेलं नाव वाचत. कोणाच्याही घरी. नाव बहुतेक घरातल्या पुरुषाचं निघे. "अन् घासते कोन?" हे त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं.

तुम्हीही असं कोणी पाहिलं असेल. मी बुलढाण्याला बी.कॉम. करताना दुपारी त्यांच्याकडे टायपिंग करायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. काही विचारायचं तर आधी मनात घोकून घ्यायचे.

आई आणि शेजारच्या शोभामावशीने मोताळ्याला मिरची कांडप टाकायचं ठरवलं, तेव्हा काकांनी दोघींची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची नोंदणीकृत भागीदारी, काढायला लावली. पुस्तकातून मला ती नीट कळली नव्हती.

"तुही माय एक मानूस, मावशी दुसरं," काका म्हणाले. "हे तिसरं मानूस कागदावर जन्मलं. मशीन त्याचं. दोघींच्या घरी काईबी होवो, मशीनले हात लागत नाही."

मशीनचं बिल एलएलपीच्याच नावाने झालं. पण मशीन आलं त्या दिवशी मावशीने भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बोलावून पत्र्यावर नवऱ्याचं नाव कोरून घेतलं. नवी वस्तू आली की आमच्याकडे तसंच करतात. मी काकांना भीत भीत सांगितलं.

"मशीन म्हन्जे काय पेला हाय का, पोरी?" ते कितीतरी वेळ हसत होते.

वर्षभराने मावशीच्या सासरी वाटणी निघाली. मशीन आमच्या घरी बसवलेलं, म्हणून तिचा दीर ट्रॅक्टर घेऊनच आमच्या दारात आला. त्याचं म्हणणं, मशीनवर भावाचं नाव, म्हणजे ते घरचं, वाटणीत आलंच पाहिजे. ते गेलं असतं तर दोघींचा धंदा तिथेच संपला असता. मी फोन केला आणि काका फाइल घेऊन जीपने आले.

त्यांनी आधी पाणी मागितलं. पेला फिरवला.

"भाऊ, याच्यावर या पोरीच्या मामाचं नाव हाय. आहेरात देल्ला असंन. मामा वापस न्याले येईन का?"

"मामा कायले येईन?"

"मंग कोरल्या नावानं मालक ठरत नाही." आणि त्यांनी बिल पुढे ठेवलं.

दिराने ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं. "वहिनी, मंग ट्रॅक्टर रिकामाच नेऊ का?"

"मिरच्या भरून आना," मावशी म्हणाली. "नंबरानं कांडून देईन."

सगळ्यात आधी दीरच हसला.

काका आता पुण्याला लेकीकडे राहतात. निघताना आम्ही त्यांना तिखटाचा स्टीलचा डबा दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला. त्यावर आमच्या एलएलपीचं नाव होतं.

गेल्या महिन्यात डबा परत आला. धुतलेला, कोरडा. आत चिठ्ठी होती: "कोरल्या नावानं मालक ठरत नाही. तरी परत करतो. भरून पाठवा."