कव्हर आलं, पुस्तक नाही

जिल्ह्याच्या ठिकाणी पुस्तकं कशी छापली जातात आणि पुढे जातात कुठे, यावर मी संशोधन करत होते. सोलापुरातल्या प्रेसांचे उंबरे झिजवले, प्रकाशन समारंभांतला गार उपमा गिळला, अहवाल लिहिला. एवढं करून घरच्याच समारंभात तोंडावर आपटायची वेळ आली.

पुस्तक आत्याचं. ती एसटीत कंडक्टर होती. निवृत्त झाल्यावर तिने प्रवाशांच्या गोष्टी लिहिल्या. मंगळवेढ्याची तिची थोरली जाऊ ते ऐकून फिदीफिदी हसली होती, "पुस्तक म्हंजे काय भाकरी हाय व्हय, थापली की झाली?" आत्याच्या ते जिव्हारी लागलं. म्हणून तिने हट्टाने जावेला समारंभाला बोलावून घेतलं, तेही पहिल्या रांगेत.

आणि समारंभाच्याच दिवशी सकाळी प्रेसवाला म्हणतो कसा, "मॅडम, कव्हरं तयार हायत. बाइंडिंगवाला बार्शीला लग्नाला गेलाय, पानं तशीच पडल्यात." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या मटकन खाली बसली. "आता जाऊ जन्मभर मला ऐकवणार गं," एवढंच म्हणाली.

मला ते बघवेना. म्हटलं, पाहुण्यांनी चकचकीत कागद फाडायचा, पुस्तक छातीशी धरायचं, फोटो काढायचा, झालं प्रकाशन! आत कोण मेलं बघतंय? माझा बांधलेला अहवाल नेमका त्याच आकाराचा होता. त्याला आत्याच्या पुस्तकाचं कव्हर चढवलं आणि वरून कागद गुंडाळला.

प्रमुख पाहुणे निवृत्त प्राध्यापक. टाइप केलेली पानं त्यांना आम्ही आधीच पोचवली होती. त्यांनी कागद फाडला, फोटो झाला आणि भाषणाला रंग चढला. "एका बैठकीत वाचून काढलं! डोळ्यांत पाणी आलं! थांबा, माझा आवडता उताराच वाचतो."

मेले! त्यांनी मधलंच पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "प्रमुख पाहुणे बहुधा पुस्तक न वाचताच..."

आणि तिथेच अडखळले. मागून कोणीतरी खुदकन हसलं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. खरं सांगते, हे वाक्य आत्याच्या पुस्तकातलं आहे की नाही, हेसुद्धा त्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. पुस्तक वाचलं असेल तर ना!

"लेखिकेच्याच तोंडून ऐकलेलं बरं," म्हणत त्यांनी ते पुस्तक आत्याच्या हातात कोंबलं.

आत्याने ते उघडून समोर धरलं आणि पाठच असलेली गोष्ट सुरू केली. माळशिरसच्या गाडीतून पिशवीत कोंबडा लपवून नेणाऱ्या म्हातारीची. माइकची तिला गरजच नव्हती. सभागृह हसून हसून लोळायला लागलं. पहिल्या रांगेतून जाऊ ओरडली, "मग? तिकीट फाडलंस का न्हाय?"

गोष्ट संपल्यावर लोक प्रती मागायला आले. आत्या न लाजता म्हणाली, "संपल्या सगळ्या." मी मान डोलावली. काय करणार?

बाइंडिंगवाला लग्नाचं जेवण पचवून परतला, तेव्हा खरी पुस्तकं आली. पहिली प्रत घेऊन आम्ही मंगळवेढ्याला गेलो. जावेने पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला आणि परत आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला तर जावेचा असा संताप आला म्हणता!

"मला कुटं वाचाया येतंय?" जाऊ म्हणाली. "बस हितं. समद्या गोष्टी वाचून झाल्याबिगर जायाचं न्हाय."

आमची परतीची गाडी चुकली. आत्याने, जन्मभर कंडक्टर असूनसुद्धा, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.