जेवणारा उठल्याशिवाय पत्रावळ उचलू नये

माझे संपूर्ण नाव गजानन विठोबा ठवकर. वय एक्याऐंशी पूर्ण. शाळा मॅट्रिकपर्यंत. त्यापुढील सर्व विद्या मी शब्दकोश शेजारी ठेवून, ग्रंथ वाचून मिळवली. तीत संगणकशास्त्रही आले. भिलाई मध्य प्रदेशात होती त्या काळी मी एका कारखान्याच्या संगणक विभागात लिपिक होतो. भट्टीतून लोखंडाबरोबर मळही निघतो. लोखंड मालगाडीत बसून परगावी जाते, मळ गावातच साचतो. किस्स्यांचेही तसेच! कामे केव्हाच निघून गेली, मळ माझ्यापाशी राहिला. आणि तो अजून गरम आहे.

*

विभागाचे अभियंते प्रभाकर खेडीकर हे वर्ध्याकडचे, अत्यंत शांत गृहस्थ. त्यांचा जोडीदार वानखडे अमरावतीचा. थांबणे ही क्रिया त्याने कधी केली नव्हती. दोघांवर चक्रवर्ती साहेब.

आमच्या नव्या संगणकाला दोन प्रोसेसर होते, म्हणजे एकाच घरात एकाच वेळी राबणारे दोन कामकरी. वितळलेले लोखंड वाहून नेणाऱ्या अजस्र बादलीला लॅडल म्हणतात. कोणती लॅडल कोठे आहे, याचा तक्ता संगणकाच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तेथे, मांडलेला असे आणि शॉपमधले, म्हणजे कार्यशाळांमधले, संगणकाचे सारे पडदे तो वाचत. लॅडल हलली की वानखडेचा प्रोग्राम नवा तक्ता मांडी, आणि जुना त्याच क्षणी पुसून ती जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकी. त्या क्षणी कोणी जुना तक्ता अर्धा वाचला असेल तर त्याचे काय, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

एके सकाळी फोरमन यादवजींचा फोन आला. आवाज अगदी गंभीर.

"वानखडे साहब, एक नंबर लॅडल में लोहा है। दो नंबर खाली है। तीन नंबर में दीपावली की छुट्टी भरी है। इसे कहाँ ढालूँ?"

पुसलेल्या जागेवर सुट्यांची सूचना येऊन बसली होती!

*

हा विनोद येथेच थांबता तर बरे होते. पण त्याच आठवड्यात असाच पुसलेला तक्ता वाचता वाचता संगणक एकाएकी बंद पडला, आणि मग वारंवार पडू लागला. चक्रवर्ती साहेबांनी खेडीकरांना बोलावून शांतपणे सांगितले, "देखिए, दुर्गापूजा के बाद मैं खुद ट्रायल लूँगा। मशीन एक बार भी रुकी, तो यह प्रोग्राम बंद, और आप खदान पर।"

खदान म्हणजे दूर जंगलातली लोहखाण. खेडीकरांच्या पत्नी सुनंदावहिनी यांना भिलाईतल्याच रिसाली वस्तीत, घराजवळच्या एका शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. अर्थात, बदली झाली तर एकाची नोकरी खाणीवर आणि दुसऱ्याची रिसालीत!

वानखडेने तत्काळ उपाय काढला. तक्त्याला कुलूप! एक जण आत असेल तोवर बाकी सर्वांनी दाराशी थांबायचे. संगणक बंद पडेना, हे खरे. पण पडद्यांची अशी रांग लागली की चित्र हलेनासे झाले. लॅडल शॉपमध्ये पोहोचून रिकामी व्हायची, तरी पडद्यावर ती भट्टीपाशीच उभी!

यादवजी स्वतः सायकलवरून आले. "साहब, मैं जाकर देख आता हूँ। आपकी मशीन से मेरी साइकिल तेज है।"

*

कुलूप काढले गेले. वानखडेचा दुसरा उपाय त्याहून सोपा होता: पुसायचेच नाही! जुने तक्ते राहू द्यावेत, कोणी ना कोणी वाचत असेल.

दुपारपर्यंत संगणकाची सारी स्मृती जुन्या तक्त्यांनी भरली आणि नवा तक्ता मांडायला तसूभर जागा उरली नाही. त्या दिवशी वहिनी डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"म्हणजे तुमच्या मशीनले आमच्या सासूबाईची सवय लागली," त्या म्हणाल्या. "रिकामा डबा फेकाचा नाई! मंग डबे राह्यते घरात अन् माणसं बसते अंगणात!"

"हसू नको बाई," खेडीकर म्हणाले. "खाणीवर जा लागन मले."

"जान तर जान! पण डबा खाऊन जा."

*

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पंगत असते आणि तिचा नियम कडक आहे. एकदा पंगत बसली की त्या रांगेत मागून कोणी बसत नाही. नव्या मंडळींसाठी दुसरीकडे नवी पंगत मांडतात. आणि जुन्या पंगतीतला शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणाचीही पत्रावळ हलवायची नाही.

त्या वर्षी व्यवस्था वानखडेकडे होती. खेडीकरांनी वाढप्याकडे कढी मागायला मान वळवली. मान परत आणतात तो काय, समोर रिकामी जमीन!

"अबे! जेवून राहिलो ना मी! पत्रावळ कावून उचलली?"

"मले वाटलं, झालं तुमचं."

"मान वळवली म्हणजे झालं?"

खेडीकरांचा खरकटा हात हवेत तसाच राहिला. कढीवाला येऊन उभा राहिला. अपमान झाला असे समजून मंडळाचे अध्यक्ष धावत आले. तेवढ्यात खेडीकर मोठ्याने हसले.

"वानखडे, तू पत्रावळीबी अशाच उचलतं, अन् तक्तेबी असेच पुसतं!"

आणि तेथेच, खरकट्या हाताने, त्यांनी सर्व उलगडून सांगितले. कुलूप नको. नवा तक्ता मांडावा. नव्याने येणाऱ्याला त्याच्याकडेच पाठवावे. जुन्यावर जे बसले आहेत त्यांना स्वस्थ बसू द्यावे. ते सगळे उठले की मगच जुना तक्ता पुसावा.

"पण उठले हे समजन कसं?" वानखडेने विचारले. "एकेकाले विचारत बसू काय?"

खेडीकरांनी नळाकडे बोट केले. "विचाराचं कायले? हात धुताना दिसला, म्हणजे उठला!"

म्हणजे असे, की प्रोसेसर एक काम टाकून दुसरे हाती घेतो तेव्हा त्याने हात धुतले असे मानायचे. दोघांनीही एकेकदा हात धुतले की जुनी पंगत नक्की उठलेली असते. हा विचार पुढे मला एका जाड इंग्रजी ग्रंथात भेटला. कढीचा उल्लेख त्यात नाही.

*

एकच अट होती. तक्ता वाचता वाचता कोणत्याही प्रोग्रामने मध्येच झोप घ्यायची नाही. झोप घेतली तर प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळणार, त्याने हात धुतले असे समजले जाणार, आणि झोपलेल्याची पत्रावळ जाणार! वानखडेचा एक प्रोग्राम मात्र अर्धा तक्ता वाचून प्रिंटरची वाट पाहत झोपत असे. तो दुरुस्त केल्यावर खेडीकरांनी सर्वांच्या माहितीसाठी मजकडून सुवाच्य अक्षरांत एक पाटी लिहवून संगणक-कक्षात लावली: "पंगत में सोना मना है।"

चक्रवर्ती साहेब आत आले, पाटी वाचली, आणि लालबुंद झाले. त्या कक्षात पाण्याचा पेलासुद्धा नेण्यास बंदी होती!

"यहाँ पंगत कौन बैठाता है?"

खेडीकर नम्रपणे म्हणाले, "सर, दोनों प्रोसेसर।"

साहेबांनी दोन्ही प्रोसेसरांचे कपाट उघडून आत पाहिले. मग म्हणाले, "खाना बाहर।"

*

ट्रायलचा दिवस उजाडला. साहेबांनी सर्व शॉपमधले पडदे एकदम चालू करवले आणि स्वतः खुर्ची टाकून बसले. तक्ते भराभर बदलू लागले. जुने तक्ते साचत चालले, पुसणे होईना. खेडीकरांच्या कपाळावर, वातानुकूलित खोलीत, घाम! एक प्रोसेसर लांबलचक हिशेबात गुंतला होता आणि काही केल्या काम पालटीना. स्मृती भरत आली. वानखडेचा हात कळफलकाकडे गेला.

"आता पुसून टाकू काय?"

"थांब."

आणि वानखडे थांबला! तेवढ्यात प्रोसेसरने काम पालटले आणि साचलेले सारे तक्ते एका झटक्यात साफ झाले.

"हात धुतले बे!" वानखडे ओरडला.

साहेबांनी चमकून विचारले, "किसने धोए?" संध्याकाळी साहेब उठले, यादवजींना फोन लावून लॅडलची खातरी केली, आणि खेडीकरांना एवढेच म्हणाले, "खदान कैंसल।"

खेडीकर, वानखडे आणि मी, तिघे तडक रिसालीला निघालो. खेडीकरांच्या घराच्या ओट्यावर एक होल्डॉल आणि एक ट्रंक ठेवलेली. आत एक अनोळखी तरुण गृहस्थ बूट काढून, पाटावर बसून, परातीत वांगी चिरत होते.

"हे कोण?" खेडीकरांनी विचारले.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुमच्या जागेवर चक्रवर्ती साहेबांनी आधीच बोलावलेले नवे साहेब. सकाळपासून विचारून राहिले, कंपनीचं घर कधी खाली होते म्हणून. मी म्हटलं, आमचे साहेब येतपर्यंत वांगी चिरा!"

ते गृहस्थ पुढे आमच्याच विभागात रुजू झाले, आणि खेडीकर भिलाईतच निवृत्त झाले.